धबधबा चालू आहे का?

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. ताडोबा, गुगामल, पेंच, नवेगाव, बोरिवलीचं संजय गांधी उद्यान आणि चांदोली. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. आपण रस्त्यांचा अनुशेष मोजतो, सिंचनाचा मोजतो, नोकऱ्यांचा मोजतो. राष्ट्रीय उद्यानाचा अनुशेष कुणी मागितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. मागून मिळणारी ती गोष्टही नव्हे. आधी जंगल लागतं, आणि मराठवाड्याच्या वाट्याला ते राज्यात सर्वांत कमी आलेलं आहे.

पुसेगावात राहणाऱ्या माणसाला याचं फारसं दुःख नसतं. हे पुसेगाव म्हणजे साताऱ्याकडचं सेवागिरी महाराजांचं नव्हे. नाव सांगितलं की समोरचा हमखास तिकडेच जातो, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. हे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. शिवारात सोयाबीन, तूर, हळद, हरभरा. नामदेवांचं नरसी जवळ, कयाधू नदी जवळ. पावसाळ्यात मात्र इथल्या तरुणांच्या मोबाइलवर जगभरचे धबधबे कोसळत असतात. त्यात क्रोएशियातलं प्लिटविस हटकून असतं: हिरवी-निळी सोळा तळी, एकातून दुसऱ्यात उतरणारं पाणी, मधून गेलेली लाकडी पायवाट. ते पाहून झालं की प्रश्न येतो, आपल्याकडे असं काय आहे? उत्तरही ठरलेलं: सहस्रकुंड आणि लोणार. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. एका जागी धबधबा, दुसऱ्या जागी तळं. दोन्हींना अभयारण्याचं कुंपण आहे, पाटी आहे, नियम आहेत. पुसेगावाहून सकाळी निघालं तर दोन्ही ठिकाणं, वेगवेगळ्या दिवशी, जाऊन येण्यासारखी.

सहस्रकुंडला निघण्याआधी मात्र फोन करावा लागतो. तिकडे कुणी नातलग, कुणी शिक्षक, कुणी दुकानदार ओळखीचा असतोच. त्याला विचारायचं ते एवढंच: धबधबा चालू आहे का? नळाबद्दल, विजेबद्दल, एसटीबद्दल विचारावं तसंच. मला आधी हा प्रश्न गमतीचा वाटायचा. धबधबा काय बटणावर चालतो? पण तो जवळजवळ तसाच चालतो.

हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर करत वारंगा फाट्याला आलं की नागपूर-तुळजापूर महामार्ग आडवा येतो. इथली खिचडी पंचक्रोशीत नावाजलेली, आणि तिच्यासाठी गाडी थांबली नाही तर मागच्या सीटवरून निषेध होतो. तिथून हदगाव, हिमायतनगर आणि पुढे इस्लापूरकडे. हिमायतनगर मागे पडलं की शेतांचा सपाटपणा मोडतो, रस्ता चढउतार घेऊ लागतो, बांधावर एकटा दिसणारा साग हळूहळू रांगेनं उभा राहतो. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनच आहे. धबधब्याच्या नावाचं स्टेशन असणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पुसेगावला तर रेल्वेच नाही.

पैनगंगा इथं काळ्या कातळावरून खाली पडते. नदी उंचीवरून झेप घेते असं नाही. आधी ती कातळभर पसरते, फटींत शिरते, खडकाच्या मोठ्या ठोकळ्यानं दुभंगते आणि मग वेगवेगळ्या ठिकाणांहून एका अरुंद घळीत कोसळते. पाणी भरपूर असेल तेव्हा या सगळ्या धारा एक होतात आणि कुंडं, फटी, ठोकळा काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त गढूळ तपकिरी लोट. पाणी मध्यम असतं तेव्हाच सहस्रकुंडाचं खरं रूप उलगडतं. म्हणून "फुल चालू आहे" हा निरोप आला की जाणती माणसं दोन दिवस थांबतात, आणि नवखी त्याच दिवशी निघतात.

अलीकडच्या काठावर मराठवाडा आहे, पलीकडच्या काठावर विदर्भ. नांदेड जिल्ह्याची माणसं या बाजूनं पाहतात, यवतमाळची, उमरखेड तालुक्याची, त्या बाजूनं. मधल्या आवाजामुळे हाका ऐकू जात नाहीत, म्हणून दोन्हीकडची पोरं एकमेकांना हात करतात. अलीकडे महादेवाचं मंदिर, नारळ-उदबत्तीची दुकानं, भजी, भाजलेली कणसं. पलीकडेही साधारण तेच. प्रत्येक काठाला खात्री आहे की धबधबा आपल्या बाजूनंच चांगला दिसतो. मी दोन्हीकडून पाहिला आहे. विदर्भाच्या बाजूनं चांगला दिसतो. माझ्या मराठवाड्यातल्या लोकांनी हे मनावर घेऊ नये.

आता बटणाचं. पैनगंगा बुलढाण्याच्या डोंगरात उगम पावते, वाशिमातून येते आणि हिंगोली-यवतमाळच्या सीमेवर इसापूरला अडते. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचं हे धरण. उपयुक्त साठा ९६४ दशलक्ष घनमीटर. ज्या भागात तळ्याला तलाव आणि तलावाला धरण म्हणतात, त्या भागासाठी हा आकडा अवाढव्य आहे. त्याच्या कालव्यांवर कळमनुरी, हदगाव, अर्धापूर, उमरखेड इथली शेती उभी आहे. अर्धापूरची केळी बाजारात नाव राखून आहे ती या पाण्यावर. सहस्रकुंड आहे धरणाच्या खाली. म्हणजे इसापूर भरेपर्यंत वरच्या पैनगंगेचा थेंबही धबधब्यापर्यंत सहजी पोचत नाही. भरलं, दरवाजे उघडले, इतके क्युसेक विसर्ग सुरू झाला अशी बातमी आली, नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा गेला, की समजायचं: धबधबा चालू होणार. ज्या बातमीनं नदीकाठचा शेतकरी मोटारी आणि जनावरं वर घेतो, त्याच बातमीनं हिंगोली-नांदेडची पोरं मोटारसायकलींत पेट्रोल भरतात.

प्लिटविसशी आपली तुलना करायची तर ती इथं करावी. तिथलं पाणी चुनखडीतून येतं. विरघळलेला चुना शेवाळावर, पडलेल्या फांद्यांवर थर धरतो आणि त्या थरांचे बांध होतात. बांधामागे तळं, बांधावरून धबधबा. पाणीच धरण बांधतं आणि पाणीच त्यावरून उडी मारतं. बांध अजूनही वाढताहेत. १९४९ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि तळ्यात उतरायला बंदी आहे, कारण माणसांच्या पायांनी आणि अंगावरच्या साबण-तेलानं ती चुन्याची घडण बिघडते. आपल्याकडे धरण पाटबंधारे खातं बांधतं आणि धबधबा त्यातून उरलेल्या पाण्याचा होतो. याबद्दल मी खंत करत बसणार नाही. केळी आणि हळद की फेसाळतं पाणी, असा सवाल टाकला तर मीही कालव्याच्या बाजूनं हात वर करीन. पण कुणी सवाल टाकतच नाही.

आणि तरी सहस्रकुंड इसापूरचं मिंधं आहे असं पुरतं म्हणता येत नाही, त्याला कारण कयाधू. आमची कयाधू. रिसोड तालुक्यात उगम पावते, सेनगाव तालुक्यातून येते, नरसीच्या काठानं हिंगोली शहराला वळसा घालते, कळमनुरी तालुका ओलांडते आणि इसापूरच्या खाली पैनगंगेला मिळते. म्हणजे दरवाजे बंद असले तरी सेनगाव-नरसीच्या शिवारात रात्री झोडपून झालेला पाऊस धरणाला बगल देऊन सहस्रकुंडावर पडतो. हे मला कळलं त्या वर्षापासून मी तिकडे फोन करण्याआधी नरसीच्या पुलावरून पाणी पाहतो. कयाधू दोन्ही थड्या भरून चालली असेल तर धबधबा चालू आहे की नाही हे इस्लापूरच्या माणसाला विचारायची गरज उरत नाही.

ही सोयही किती दिवस राहील कोण जाणे. कयाधूवर खरबी इथं बंधारा घालून पाणी इसापूरमध्ये वळवायची योजना पुढे आली आणि हिंगोलीत तिच्याविरुद्ध आंदोलनं उभी राहिली. त्याआधी सापळीच्या धरणाचा वाद वर्षानुवर्षं चालला. हिंगोलीकरांचं म्हणणं साधं आहे: जिल्ह्याची एकच स्वतःची नदी, ती उन्हाळ्यात कोरडी पडते, तिचं पुराचं पाणी जिल्ह्यातच अडवा, दुसऱ्याच्या कालव्यासाठी उचलून नेऊ नका. खालच्या लाभक्षेत्राचं म्हणणंही खोटं नाही; इसापूर दरवर्षी भरत नाही, आणि ऊस-केळीला सवय लागली आहे. या भांडणात सभा झाल्या, मोर्चे निघाले, निवेदनं गेली. सहस्रकुंडाचं नाव मात्र मला त्यात कुठं दिसलं नाही. कयाधू वळली तर धबधब्याचा उरलासुरला स्वतंत्र हिस्साही दरवाज्यांमागे जाईल, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या हिशेबात नाही.

धबधब्याच्या पलीकडे, यवतमाळच्या बाजूला, पैनगंगा अभयारण्य पसरलेलं आहे. सुमारे सव्वातीनशे चौरस किलोमीटर. नदी त्याला तीन बाजूंनी कवेत घेते. साग, बांबू, पळस, मोह. इथल्या गावांना उमरखेडकडे 'बंदी भाग' म्हणतात. आंध, गोंड, कोलाम, बंजारा अशी वस्ती. नाव ऐकून तुरुंग आठवतो, आणि तिथली माणसं बोलू लागली की त्यात फार अतिशयोक्ती वाटत नाही: रस्ता रुंद करायचा तर वनखात्याची परवानगी, विजेची तार ओढायची तर परवानगी, आणि रानडुकरांनी ज्वारी लोळवली तर पंचनाम्याची वाट. पर्यटक मात्र धबधब्यावर येतो, फोटो काढतो आणि परत जातो. आत गावं आहेत हे त्याला समजतही नाही. मलाही ते समजलं ते एका पावसात अडकून तिथल्या एका ओसरीवर बसावं लागलं म्हणून. घरच्या आजीनं कोरा चहा दिला आणि कुठले विचारलं. हिंगोलीकडचा म्हटल्यावर म्हणाली, "तुमच्याकडून तो वाघ गेला नव्हं का?"

वाघ गेला होता खरा. २०१९ मध्ये. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला हा तरुण नर. गळ्यात वन्यजीव शास्त्रज्ञांनी लावलेला पट्टा, कागदावर नाव टी-१ सी-१, आणि पुढे जगभर झालेलं नाव 'वॉकर'. जूनमध्ये तो टिपेश्वरमधून निघाला. आदिलाबादकडे गेला, पैनगंगेच्या जंगलात आला, हिंगोली-वाशिमच्या शेतांमधून पश्चिमेला सरकत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पाच महिन्यांत १,३०० किलोमीटर. पुढेही तो चालतच राहिला आणि एकूण आकडा ३,००० किलोमीटरच्या वर गेला. दिवसा लपायचं, रात्री चालायचं, नदी-नाल्यांच्या कडेनं, कापूस आणि तुरीच्या आडोशानं. बहुतेक गावांना तो येऊन गेल्याचं कळलंही नाही.

जोडीदारीण आणि मोकळी हद्द शोधत तो निघाला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज. मला त्याच्या वाटेचं अप्रूप वाटतं ते वेगळ्या कारणानं. आपण पूर्वेला अभयारण्य, पश्चिमेला अभयारण्य आणि मध्ये 'काही नाही' असं म्हणतो. त्या 'काही नाही'मध्ये आमचा अख्खा जिल्हा येतो. वॉकरनं तो ओलांडला तेव्हा त्याला नाले मिळाले, नाल्याकाठची झाडी मिळाली, पाणी मिळालं. राष्ट्रीय उद्यान नाही म्हणून तो थांबला नाही. पण नालाखोलीकरणाच्या नावाखाली काठावरची बाभूळ-करंज यंत्रानं साफ करण्याचा जो सपाटा चालला आहे, तो पाहता पुढच्या वाघाला तीच वाट सापडेल याची हमी देता येत नाही.

पश्चिमेची वाट सेनगाव, रिसोड, लोणार अशी. इथं फोन करावा लागत नाही. लोणारची धार कायम चालू असते. गावाच्या कडेला, विवराच्या काठावर, गोमुखातून जिवंत झऱ्याचं गोडं पाणी पडतं. लोक त्याला नुसतं 'धार' म्हणतात. यात्रेकरू तिच्याखाली अंघोळ करतात, बाटल्या भरतात. मोठा धबधबा पाहून आलेल्याला ही धार किरकोळ वाटेल. पण ती उन्हाळ्यातही पडते, आणि आमच्या भागात मे महिन्यात पडणाऱ्या पाण्याचं मोल शब्दांत सांगायची गरज नाही.

धारेपासून खाली पाहिलं की विवराचा आवाका लक्षात येतो. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटरचा गोल, दीडशे मीटरच्या आसपास खोली, तळाशी सव्वा किलोमीटर रुंद सरोवर. उल्का बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर, आदळून झालेलं असं विवर पृथ्वीवर फारच दुर्मीळ. आधी याला ज्वालामुखीचं तोंड समजत. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. आघाताचा पुरावा म्हणावा असं काचेसारखं रूपांतरित खनिज १९७० च्या दशकातल्या अभ्यासात सापडलं आणि उल्केवर शिक्कामोर्तब झालं. वयाचा वाद मात्र मिटलेला नाही. एका पद्धतीनं मोजलं तर ५२ हजार वर्षं, दुसऱ्या, नंतरच्या, पद्धतीनं ५ लाख ७० हजार. वाटाड्यांना पहिला आकडा पाठ आहे. दुसरा सांगितला की ते थोडे नाराज होतात. लोककथेत तर प्रश्नच नाही: लवणासुर इथं दडला होता, विष्णूनं त्याला मारलं, म्हणून गावात दैत्यसूदनाचं ते अप्रतिम कोरीव मंदिर.

लवण, म्हणजे मीठ, इथल्या पाण्यात खरंच आहे. सगळीकडून पाणी आत येतं. पावसाळ्यात विवराच्या उतारांवरून ओघळ उतरतात, झरे बारा महिने पाझरतात. बाहेर जायला वाट नाही. फक्त ऊन पाणी उचलतं, क्षार मागे ठेवतं. हजारो वर्षं हा हिशेब चालला आणि पाणी साबणासारखं बुळबुळीत, खारं झालं. सामू दहाच्या आसपास. काठाशी गोडं पाणी मिसळतं तिथं झाडं, बेडूक, पाखरं. आत मात्र खाऱ्यात तगणारे सूक्ष्मजीव आणि निळं-हिरवं शेवाळ. या क्षारांचा मोठा व्यापार होता. आइन-ए-अकबरीत इथल्या काच आणि साबणाच्या सामानाचा उल्लेख आहे. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी क्षारांच्या प्रतींची वेगवेगळी नावं होती. पापडखारापासून बांगड्यांच्या काचेपर्यंत तो जाई. आज लोणारात हे शब्द ओळखणारा माणूस शोधावा लागतो.

जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा टाळेबंदीत घरी बसलेल्या साऱ्या देशानं लोणार पाहिलं. नागपूर खंडपीठानं लक्ष घातलं, पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले. पाऊस कमी, ऊन जास्त, पाणी घटलं, क्षार वाढले आणि मिठात जगणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांनी रंग धरला, असं उत्तर आलं. पाऊस आला, रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर दर्जा मिळाला. नंतरच्या चांगल्या पावसाच्या वर्षांत उलट झालं: पाणी चढत काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिराला भिडलं. मग लोकांनी विचारायला सुरुवात केली, जास्तीचं पाणी बाहेर काढता येईल का?

हा प्रश्न ऐकून मी हसलो, आणि मग हसू आवरतं घेतलं. सहस्रकुंडावर पाणी येत नाही ही तक्रार, लोणारला पाणी जात नाही ही तक्रार. दोन्हीकडे आपल्याला दरवाजा हवा असतो. पण लोणारला दरवाजा पाडला तर लोणार संपलं. गोडं पाणी वाढून क्षार पातळ झाले तरी ते अर्धं संपतं, कारण त्या खाऱ्या पाण्यातच त्याचं सगळं वेगळेपण आहे. काठावरच्या गावाचं सांडपाणी आत जाऊ नये, उतारावर माजलेली वेडी बाभूळ काढावी, हे कितीतरी वर्षं कोर्टाच्या कागदांत फिरतं आहे. ही कामं फोटोत येत नाहीत. अभयारण्याचा जीव तरी केवढा, जेमतेम साडेतीन-चार चौरस किलोमीटर. तेवढ्यात मोर, वानरं, पडकी मंदिरं, भाविक, शाळांच्या सहली आणि शास्त्रज्ञ.

पावसाळा संपत आला की सहस्रकुंड बहुधा उताराला लागतं. परतीचा पाऊस चांगला झाला असला तर काही दिवस धारा टिकतात, आणि तेव्हाच्या त्या निवळशंख पाण्यात कातळाची घडण सर्वांत स्पष्ट दिसते. कुंडांच्या कडांवर उतरू नका, शेवाळ दिसत नाही आणि पाय ठरत नाही. साधारण याच सुमारास कालवा सल्लागार समितीच्या बैठका होतात. गहू किती, हरभरा किती, ऊस-केळी-हळदीला किती पाळ्या, पिण्यासाठी राखीव किती, हे तिथं ठरतं. पैनगंगेत धबधब्यासाठी म्हणून एखादी पाळी सोडावी, असा अर्ज एखाद्या वर्षी करून पाहायला हरकत नाही; फार तर फेटाळतील. लोणारला मात्र दिवाळीनंतर निघालात तरी चालेल. विवर उतरायचं तर ऊन चढायच्या आत, पायांत बूट, आणि प्यायचं पाणी वरूनच, धारेवरून, भरून घ्यावं.